जॅम कधी काकवी, कधी हलवा: दर हिवाळ्यात फसणाऱ्या जॅमची कारणं आणि उपाय

नाताळच्या सुट्टीत नणंदेची मुलं पुण्याहून येतात, मग संक्रांत, मग आमच्या सोलापूरची गड्ड्याची जत्रा. महिनाभर आमच्या घरात पाव, चपात्या आणि कडक भाकरी यांचा हिशेब लागत नाही. म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी पेरूचा नाहीतर डाळिंबाचा जॅम करून ठेवते. ठेवते म्हणजे काय, तीन वर्षं नुसता प्रयत्नच केला.

पहिल्या वर्षी तो पातळ राहिला. शेजारच्या अक्कांनी बाटली तिरकी करून पाहिली आणि विचारलं, ‘हा जॅम हाय का काकवी?’ दुसऱ्या वर्षी मी सूड उगवल्यासारखा आटवला. दिसायला झकास, पण पंधरा दिवसांत बाटलीच्या कडेनं साखर धरली आणि चमचा घातला की करकर वाजायला लागला. संक्रांतीच्या हलव्याला काटा फुलतो ना, तसा काटा माझ्या जॅमला फुलला होता. तिसऱ्या वर्षी वेळ वाचवायला चार किलोचा घाणा एकदम घातला. तो तपकिरी झाला आणि बसलाही नाही.

तिन्ही वर्षं मी एकच गोष्ट बदलत होते, ती म्हणजे साखर. पातळ झाला की पुढच्या वर्षी जास्त, खडे धरले की कमी. आणि घोटाळा साखरेच्या मापात फार थोडा होता. आपल्या घरात साखरांबा, मोरंबा, तिळाच्या वड्या हे सगळं पाकावर चालतं, त्यामुळे मी जॅमही पाकासारखाच तपासत होते. दोन बोटांत थेंब धरायचा, तार आली की गॅस बंद. साखरांब्याला ते चालतं, कारण त्यात फोडी पाकात मुरतात आणि पाक वाहता राहिला तरी कुणी तक्रार करत नाही. जॅम मात्र थिजायला हवा. ते थिजवण्याचं काम पेक्टिन करतं. पेक्टिन फळातच असतं, पण पुरेशी साखर आणि पुरेसा आंबटपणा असल्याशिवाय त्याची जाळी बनत नाही. साखर पाण्याला धरून ठेवते, आंबटपणामुळे पेक्टिनचे धागे एकमेकांना दूर ढकलायचं सोडून जवळ येतात, आणि त्या जाळीत सगळा रस अडकतो. तिघांपैकी एक जरी रुसलं तरी बाटलीत काकवी.

<b>पातळ राहतो तेव्हा</b>

आधी थांबा. गरम जॅम पातळच असतो. नीट जमलेला जॅमसुद्धा पूर्ण बसायला एक दिवस घेतो, कधी दोन. पहिल्या वर्षी मी दर तासाला बाटली हलवून बघत होते. जाळी बनत असताना हलवली की ती तुटते आणि मग जॅम गुठळ्या-गुठळ्यांचा राहतो. भरलेल्या बाटल्यांना दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही. घरात पाहुणे असतील तर कपाटात ठेवून किल्ली कमरेला.

दोन दिवसांनीही वाहत असेल तर मग फळाकडे वळा. माझी चूक मला बाजारातच करायची सवय होती. संध्याकाळी उशिरा लक्ष्मी मार्केटात गेलं की दिवसभर उरलेल्या पिवळ्याधमक पेरूंचे ढीग स्वस्तात मिळतात. मनात म्हणायचं, जॅमला काय, पिकलेलंच चांगलं, नाहीतरी शिजवायचंच आहे. वास सुरेख येतो, गोडीही असते. पण फळ मऊ होतं ते पेक्टिन तुटल्यामुळेच. जितकं मऊ, तितकं थिजवायचं बळ कमी. आता मी चार पेरूंतले तीन पिकलेले आणि एक दातांना कचकन लागेल असा अर्धकच्चा घेते. वास पिकलेल्यांचा आणि ताकद कच्च्याची.

पेरू, सफरचंद, कवठ, आवळा यांत पेक्टिन भरपूर. पपई, स्ट्रॉबेरी आणि डाळिंबाचा रस मात्र एकट्यानं बसत नाहीत. डाळिंबाचं मला वाईट वाटतं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आपल्या केगावात आहे, सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सांगोल्याच्या बागांतला भगवा या जातीचा डाळिंब परदेशी जातो, आणि जॅमच्या कढईत त्याला पेरूचा हात धरावा लागतो. पण धरावा लागतो खरा. ६०० ग्रॅम डाळिंबाचा रस आणि ४०० ग्रॅम पेरूचा गर हे माझं जमलेलं प्रमाण आहे. रस काढताना दाणे मिक्सरमध्ये एक-दोन झटके देऊनच थांबवा. बी भरडली गेली की तुरट चव येते, आणि ती किलोभर साखरेलाही ऐकत नाही.

डाळिंबाचा शुद्ध रंग हवा असेल, पेरूचा गर नको असेल, तर पेरूचं पाणी करा. अर्धा किलो अर्धकच्चे पेरू बियांसकट चिरून पाऊण लिटर पाण्यात अर्धा तास मंद शिजवायचे आणि धुतलेल्या मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगायचे, चक्क्यासारखे. पिळायचं मात्र नाही, पिळलं की गढूळ होतं. खाली जे पाणी साठतं ते बोटांना बुळबुळीत लागतं. तेच पेक्टिन. एक किलो पपईला किंवा स्ट्रॉबेरीला त्यातलं दीड वाटी पुरतं. केकचं सामान मिळतं त्या दुकानात तयार पेक्टिनची भुकटीही असते. ती थेट कढईत टाकली तर माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. आधी तिच्या आठ-दहा पट कोरड्या साखरेत मिसळून मग भुरभुरवायची. जिलेटिन घालू नका. त्यानं जेली होते, जॅम नाही, आणि ते प्राण्यांपासून येतं हे पाहुण्यांना आधी सांगावं लागतं.

आता आंबटपणा. गोड पेरू आणि पपई यांत तो कमी पडतो. एक किलो गराला चार कागदी लिंबांचा रस किंवा सपाट पाऊण चमचा लिंबूसत्त्व मी घालते. एक लिंबू फळ शिजतानाच पिळते, कारण आंबट पाण्यात फळातलं पेक्टिन चांगलं सुटतं. बाकीचा रस जॅम होत आला की. सगळा आंबटपणा सुरुवातीलाच घालून तासभर उकळलं तर तोच पेक्टिनला खातो. आणि जास्त झाला तर जॅम बसतो पण दोन-चार दिवसांनी वर पाणी सुटतं, विरजण आंबट झाल्यावर दह्यावर सुटतं तसं.

आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे फळ शिजवायला सहज बोअरचं पाणी ओतलं जातं. तेही एक कारण. जड पाण्यातल्या क्षारांनी आंबटपणा थोडा मरतो आणि फोडीही लवकर मऊ पडत नाहीत. जॅमला पिण्याचं पाणी काढून ठेवा, तेही फोडी जेमतेम बुडतील इतकंच. जितकं ओताल तितकं परत आटवायचं आहे.

गुळाचा जॅम करणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. गूळ करताना रस स्वच्छ करायला बहुतेक ठिकाणी चुना वापरतात, त्यामुळे गूळ आंबटपणा कापतो. माझा एकदा बसला नाही, तेव्हापासून मी निम्म्याहून जास्त गूळ घालत नाही, आणि घातलाच तर दोन लिंबं वाढवते.

<b>साखर धरते तेव्हा, आणि १०५ अंशांची भानगड</b>

दुसऱ्या वर्षी तार बघण्यापेक्षा शास्त्रशुद्ध करावं म्हणून मी स्वयंपाकाचा थर्मामीटर आणला होता. कुठल्याही कृतीत लिहिलेलं असतं की १०५ अंश सेल्सिअसला जॅम तयार. मी १०५ येईपर्यंत ढवळत राहिले. हातावर दोन डाग पडले. आणि नेमका त्याच वर्षी काटा फुलला.

१०५ हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. तिथं पाणी १०० अंशांना उकळतं आणि जॅम त्याच्या साडेचार-पाच अंश वर तयार होतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंच. दर ३०० मीटरला पाण्याची उकळी सुमारे एक अंशानं खाली येते, म्हणजे आपल्याकडे पाणी साडेअठ्ठ्याण्णवलाच उकळतं. त्यात साडेचार मिळवा. आपला जॅम १०३ ला झालेला असतो. पुढचे दोन अंश मी नुसतं पाणी उडवत होते आणि साखर पंचाहत्तर टक्क्यांच्या घरात नेत होते. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, तर जॅम शंभरच्या आसपासच उतरवावा लागेल. तिथं कुणी १०५ ची वाट बघत बसलं तर चिक्की होईल.

जॅममध्ये साखरेसकट विरघळलेले घन पदार्थ ६५ ते ६८ टक्के असावेत. वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण दोन किलोच साखर विरघळून राहते, म्हणजे ६७ टक्के. त्याच्या बरंच पुढं गेलं की गरम असताना सगळं आलबेल दिसतं आणि गार झाल्यावर जादाची साखर खडे होऊन बाहेर येते. सोलापुरात डिसेंबरच्या पहाटे पारा पंधराच्या आसपास उतरतो, म्हणून हे खडे बरोबर सुट्टीतच दिसतात, मुलं बाटली उघडतात तेव्हा.

थर्मामीटर असेल तर आधी तो नुसत्या उकळत्या पाण्यात बुडवून बघा. तिथं जो आकडा दिसेल त्यात साडेचार मिळवायचे. यात थर्मामीटर चुकीचा असला तरी त्याची चूक आपोआप वजा होते. माझा ९७ दाखवतो. म्हणजे तो दीड अंशानं खोटा, पण रोज सारखाच खोटा बोलतो, त्यामुळे मला चालतो.

थर्मामीटर नसेल तर वजन करा. खरं तर मी आता तेच करते, कारण काचेवर वाफ धरली की आकडा वाचता येत नाही. १ किलो गर आणि ७५० ग्रॅम साखर घेतली तर गरातले स्वतःचे घन पदार्थ शंभरेक ग्रॅम धरा. एकूण ८५० झाले. ते ६७ टक्के व्हायला जॅमचं वजन १२७० ग्रॅमच्या आसपास उरायला हवं. माझी स्टीलची कढई १ किलो ४२० ग्रॅमची आहे, ते मी तिच्या कानाखाली मार्करनं लिहून ठेवलंय. काट्यावर आधी लाकडी पाट ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा, मग गरम कढई उचलून त्यावर. २ किलो ६९० ला काटा आला की झालं. पहिल्यांदा तोललं तेव्हा ३ किलो १०० होतं. मला तर ‘झालाच आता’ असं वाटत होतं. डोळे किती फसवतात ते त्या चारशे ग्रॅमनी सांगितलं.

शेवटची खात्री अजूनही बशीची. स्टीलची छोटी बशी फ्रीझरमध्ये ठेवा, तिच्यावर अर्धा चमचा जॅम टाकून मिनिटभर थांबा आणि बोटानं हळूच लोटा. साय लोटल्यावर सुरकुतते तशी वरची कातडी सुरकुतली पाहिजे. किंवा पळी भरून आडवी धरा. न झालेला जॅम थेंबाथेंबानं सुटतो. झालेल्याचे दोन थेंब पळीच्या काठाशी एकमेकांना भिडतात आणि पडद्यासारखे मिळून खाली येतात. बशी तपासताना गॅस बंद करायला विसरू नका, त्या दोन मिनिटांत कढईतला पुढे जातो.

खडे धरायची आणखी दोन कारणं आहेत. कढईच्या कडेला चिकटलेली न विरघळलेली साखर ढवळताना आत पडली तर तिच्याभोवती खडे वाढतात. म्हणून ओल्या ब्रशनं कडा पुसत राहायच्या. आणि आंबट फार कमी असेल तर साखर फुटत नाही. आंबट उकळीत काही साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडते, आणि हे मिश्रण सहज खडे धरत नाही. पाकात लिंबू पिळायची आपली रीत याचसाठी.

<b>तपकिरी झाला आणि करपट लागतो</b>

चार किलोचा घाणा. बस, एवढंच उत्तर आहे. घरच्या शेगडीवर चार किलो गर आटायला मला पावणेदोन तास लागले. तेवढ्या वेळात डाळिंबाचा लाल रंग उडतो, साखर करपट व्हायला लागते आणि पेक्टिनही तुटतं, म्हणजे रंगही गेला आणि बसायचंही गेलं. एका वेळी एक किलो, फार तर दीड, आणि तेही पसरट कढईत. खोल पातेल्यात नाही. गर शिजून मऊ झाल्यावरच साखर घालायची, ती विरघळेपर्यंत मंद आच, आणि मग मोठ्या आचेवर पंधरा-वीस मिनिटांत उरकायचं. चार किलो करायचा असेल तर चार वेळा करा. एकूण वेळ जवळपास तेवढाच लागतो, मी घड्याळ लावून पाहिलंय.

भांडं स्टीलचंच. लोखंडी कढईत डाळिंब काळंनिळं पडतं. आणि आजीचं कल्हई उडालेलं पितळी पातेलं कितीही मोह झाला तरी आंबट पदार्थाला काढू नका.

<b>बुरशी</b>

साखर कमी घातली, बाटली ओली राहिली किंवा जॅम गार करून भरला, तिन्हीपैकी एक असतंच. ‘गार होऊ दे, मग भरू’ हे आमच्या सासूबाईंचं मत. लोणच्याला ते बरोबर आहे. जॅम मात्र कढत असतानाच भरायचा, ८५ अंशांच्या खाली उतरायच्या आत, काठापासून अर्धा बोट जागा सोडून, आणि लगेच झाकण घट्ट. बाटल्या दहा मिनिटं पाण्यात उकळून कोरड्या करायच्या आणि गरम असतानाच भरायच्या. भरताना खाली जाड फडकं घाला. मी एकदा भरलेली बाटली थेट शहाबादी फरशीवर टेकवली. पहाटेची गार फरशी. टक् असा बारीक आवाज आला आणि तळ गोल कापल्यासारखा सुटून जागेवर राहिला. पेरूचा तो सुंदर गुलाबी जॅम फरशीच्या फटींतून काढायला मला अर्धा तास लागला, मुंग्यांना पाच मिनिटं.

बुरशी आलीच तर वरचं काढून खालचं खाऊ नका. तिचे धागे आणि त्यांनी सोडलेलं विष खालीही उतरलेलं असतं, डोळ्यांना दिसत नाही इतकंच. अख्खी बाटली टाका. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवा आणि चमचा कोरडा. पुण्याच्या पाहुण्यांना हे दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. मधुमेहामुळे साखर निम्मी केली असेल तर तो जॅम न उघडताही फ्रीजमध्येच ठेवायचा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवायचा.

<b>बिघडलेल्याचं काय करायचं</b>

पातळ राहिलेला जॅम परत कढईत घालून, किलोला दीड वाटी पेरूचं पाणी आणि दोन लिंबं टाकून, मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटं उकळा आणि बशीवर तपासा. बहुतेक वेळा सुधारतो. एकदाच. दुसऱ्यांदा उकळून काही होत नाही, तोवर पेक्टिन संपलेलं असतं. तेव्हा तो सरळ सरबतासाठी ठेवायचा. डाळिंबाचा असेल तर चिमूटभर काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून थंड पाण्यात, उन्हाळ्यापर्यंत फ्रीजमध्ये टिकला तर.

खडे धरलेली बाटली झाकण सैल करून गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. खडे विरघळतात, पण जॅम पुन्हा गार झाला की आठवड्याभरात परत येतात, म्हणून उकळत्या पाण्याचे दोन-तीन चमचे घालून एकदा सारखा करून घ्यायचा आणि तेवढ्या दिवसांत संपवायचा. फारच घट्ट, चमचा वाकवणारा झाला असेल तर शंकरपाळ्यांच्या पिठात भिजवा, दुधासाखरेऐवजी. माझ्या दुसऱ्या वर्षीच्या तीन बाटल्या तशाच गेल्या. अक्कांनी त्या शंकरपाळ्यांची कृती मागितली होती. मी अजून दिलेली नाही.